रामदास बोटीतला एक उतारू

(स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा मला फोन आला तेव्हा ते म्हणाले, "वीस मिनिटं बोल, विषय तुझा तू ठरव, फक्त ते कॉम्प्युटरचं नको." त्यामुळे मी आज माझ्या पणजोबांबद्दल बोलणार आहे. कॉम्प्युटर थोडासा येईल, त्याला इलाज नाही. पोट त्याच्यावरच आहे.

इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या घरात 'रामदास' हा शब्द उच्चारला की म्हातारी माणसं गप्प होतात, हे मला माहीत आहे. बाहेरून आलेल्या जावयांसाठी आणि आपल्या मुलांसाठी थोडक्यात सांगते. १७ जुलै १९४७, गुरुवार. आषाढी अमावास्येच्या तोंडावरचा दिवस. रामदास नावाची आगबोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. बोटीवर सातशेच्या आसपास माणसं होती. काशाच्या खडकाजवळ वादळात ती कलंडली आणि बघता बघता बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, म्हणून मुंबईला बातमी कळायला दुपार उलटली. तीही एक पोरगा कसाबसा किनाऱ्याला लागला तेव्हा. आपल्याकडच्या कोळ्यांनी होड्या घालून काहींना वाचवलं. प्रेतं पुढे कित्येक दिवस किनाऱ्यांना लागत राहिली.

माझे पणजोबा त्या बोटीत होते, असं आमच्या घरात सांगत. पण गावात आणखी एक गोष्ट सांगत. ती अशी, की ते त्या बोटीत नव्हतेच. लालबागला त्यांनी दुसरं घर केलं होतं आणि बोट बुडाली ती त्यांच्या पथ्यावर पडली. कुणीतरी त्यांना १९४९मध्ये दादरला पाहिलं होतं म्हणे. 'कुणीतरी' म्हणजे कोण, हे विचारलं की सांगणारा नेहमी दुसऱ्या 'कुणीतरी'कडे बोट दाखवायचा.

त्यांचं प्रेत मिळालं नाही. माझी पणजी १९८७पर्यंत होती. मी तेव्हा सात वर्षांची होते. तिच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू आणि गळ्यातलं काळ्या मण्यांचं डोरलं मला लख्ख आठवतं. घरात श्राद्ध व्हायचं नाही. ज्याची तिथी माहीत नाही त्याचं सर्वपित्रीला करतात, तेही नाही. चाळीस वर्षं तिने नवऱ्याला मेलेला मानलं नाही, आणि गावाने त्याचा अर्थ असा लावला की तिला खरं काय ते माहीत आहे. माझे आजोबा हे ओझं घेऊन जगले. २००९मध्ये ते गेले, तोवर या विषयावर त्यांनी एक अक्षर काढलं नाही. बाबा निवृत्त झाल्यावर एकदा मला म्हणाले, "तू एवढं बँकांचं सॉफ्टवेअर करतेस, एका माणसाचा पत्ता लावून दाखव."

आता माझं काम काय आहे ते सांगते, म्हणजे बाबांच्या टोमण्यात दम होता हे कळेल. बँकेत एकाच माणसाची चार खाती चार स्पेलिंगांनी असतात. ती एकाच माणसाची की चार माणसांची, हे ठरवणारी प्रणाली मी आणि माझे सहकारी लिहितो. नाव जुळलं तर इतके गुण, जन्मतारीख जुळली तर इतके, पत्ता अर्धवट जुळला तर इतके. गुणांची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की तो एकच माणूस. पणजोबांच्या बाबतीत मी हेच करायचं ठरवलं. एक तक्ता केला: काय कळलं, कुठून कळलं, आणि सांगणाऱ्याला ते कशावरून माहीत होतं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ऐकीव गोष्टींच्या बाबतीत तो बहुतेक वेळा रिकामा राहतो.

सुरुवात वर्तमानपत्रांपासून केली, कारण सगळ्यांना वाटतं तसं मलाही वाटलं की एवढा मोठा अपघात, मृतांची यादी छापली असणार. इथे पहिली गोष्ट कळली: उतारूंची यादी अशी काही नव्हतीच. तिकीट धक्क्यावर घ्यायचं आणि चढायचं. नाव कोण विचारतो? आजही लाँचला विचारत नाहीत. म्हणजे जी काही नावं आली ती लोकांनी नंतर येऊन सांगितली तेवढीच. ज्याचं सांगायला कुणी आलं नाही, तो यादीतही आला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तो आठवडा कुठला होता ते बघा. १८ जुलैला, म्हणजे बोट बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या कायद्याला इंग्लंडच्या राजाची संमती मिळाली. रॅडक्लिफ साहेब नकाशावर रेघा मारत बसले होते. २२ जुलैला घटना समितीने तिरंगा स्वीकारला. तेव्हाचे अंक मी एकापुढे एक ठेवून वाचले. रामदास पहिल्या पानावर येते, मोठी येते, आणि मग एकेक दिवस सरकत आत जाते. संपादकांना दोष देत नाही. देश दुभंगत होता. पण आपल्या खारेपाटातल्या घराघरांत जे झालं ते इतिहासाच्या पुस्तकात का नाही, असं मी शाळेत असताना बाईंना विचारलं होतं, त्याचं उत्तर मला त्या पानांवर सापडलं. बाई समोर बसल्या आहेत, त्यांना तो प्रश्न आठवत नसेल. त्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "पोर्शन संपवू दे."

अंक कुठे मिळतात, हे बऱ्याच जणांनी मघाशी चहाच्या वेळी विचारलं. टाइम्स ऑफ इंडियाचे १८३८पासूनचे अंक डिजिटल झाले आहेत, मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून बघता येतात. एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथसंजीवनी' या नावाने जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं स्कॅन करून ठेवली आहेत. मराठीसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय. तिथल्या संदर्भ विभागात जाऊन बसायचं, दुसरा मार्ग नाही. एक सूचना: लोकसत्ता शोधू नका, तो जानेवारी १९४८मध्ये सुरू झाला. महाराष्ट्र टाइम्स तर १९६२चा.

इंग्रजी अंकांत शोधणं सोपं वाटतं, पण 'रामदास' टाकलं की समर्थ रामदास येतात, गांधीजींचे चिरंजीव रामदास येतात, आणि शे-दोनशे व्यापारी रामदास येतात. रेवसचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी, आपल्या गावांची तर विचारूच नका. मी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. गावाचं नाव दिलं की साहेबाच्या किंवा कंपोझिटरच्या हातून त्याचं काय काय होऊ शकेल ते तो काढून देतो. आमच्या गावाची अठ्ठावीस स्पेलिंगं निघाली. इंग्रजीत एकही लागलं नाही.

मराठीत मात्र तो प्रोग्रॅम काही कामाचा नव्हता. तिथे डोळे आणि चष्मा. युद्धकाळापासून कागदाची टंचाई होती, त्यामुळे अंक पातळ आणि टाइप बारीक. पाने हातात घेतली की कडा झडतात. अपघातानंतरच्या आठवड्यात एक मराठी दैनिक नातेवाइकांनी कळवलेली नावं थोडी थोडी करून छापत होतं. चौथ्या दिवशीच्या अंकात, औषधाच्या एका जाहिरातीच्या खाली, पणजोबांचं नाव होतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव नाही. गावाच्या नावातला अनुस्वार गळलेला. वय पस्तीस. धंदा गिरणी.

मी त्या खुर्चीत बसून तक्ता उघडला. नाव जुळतं, वडिलांचं नाव जुळतं, गाव जवळजवळ जुळतं, वय एक वर्षाने इकडे तिकडे, धंदा जुळतो. माझ्या प्रणालीने हे खातं एकाच माणसाचं म्हणून सरळ जोडून टाकलं असतं. पण तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं? ही नोंद एवढंच सांगते, की कुणीतरी वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन हा माणूस बोटीत होता असं सांगितलं. कोणी? पणजी तर गावाला होती, तिला लिहिता येत नव्हतं, आणि ती तो मेला असं मानतच नव्हती. गावकऱ्यांची गोष्ट खरी धरली तर हे नाव त्यांनी स्वतःच पाठवलेलं असू शकतं! हसू नका. मी ही शक्यता तक्त्यात लिहिली आहे.

आता जरा मागे जाते, कारण पणजोबा मुंबईला का गेले हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमची जमीन आमची नव्हती. पणजोबा कूळ होते, जमीन सावकाराची. १९३३ ते १९३९ चरीचा शेतकऱ्यांचा संप झाला, तो आपल्याला माहीत आहे; नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली लोकांनी सहा वर्षं खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. त्याची गाणी-भाषणं आपण ऐकतो. सहा वर्षं खाल्लं काय, हे कोणी सांगत नाही. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून लोकांनी दिवस काढले, आणि काही जण गिरणीत गेले. पणजोबा त्यातले. संपानंतर ते जमिनीवर परत आले, पण गिरणी सोडली नाही. वर्षभर लालबाग, आणि लावणीला रजा काढून गावी. जुलैच्या मध्यावर भाऊच्या धक्क्यावर जी गर्दी होती त्यात सणासाठी निघालेले होते तसे लावणीसाठी निघालेलेही बरेच असणार.

म्हणून मी वर्तमानपत्रं बाजूला ठेवून जमिनीच्या कागदांकडे वळले. वर्तमानपत्र माणसाला एक दिवस आठवतं. सातबारा पिढ्यान् पिढ्या आठवतो, कारण तिथे पैसा आहे.

ज्यांनी हे कधी केलं नसेल त्यांच्यासाठी. आजचा सातबारा घ्यायचा. त्यावर फेरफारांचे क्रमांक असतात, जुने क्रमांक गोलात. त्यातला सगळ्यात जुना क्रमांक धरून गाव नमुना सहा, म्हणजे फेरफारवही, काढायची. तिथे प्रत्येक बदल का झाला ते चार-सहा ओळींत लिहिलेलं असतं. तिथून आणखी जुना क्रमांक. असं विहिरीत उतरावं तसं उतरत जायचं. काही जिल्ह्यांचे जुने कागद आता सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदींच्या शोधासाठी कचेऱ्यांतली दप्तरं बाहेर निघाली, त्यामुळेही बराच कागद उजेडात आला. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव आला. ज्यांच्या आजोबांनी मोडी शिकवायची म्हटल्यावर आपण पळून गेलो होतो, त्यांनी आता हळहळावं.

जन्ममृत्यूची वही मी पाहिली. त्यात पणजोबांचा मृत्यू नाही, आणि नसणारच. मृत्यू जिथे होतो तिथे नोंद होते, आणि समुद्राला तलाठी नाही. मतदारयादी पाहिली. पणजीच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आहे. तो जिवंत की मेलेला, हे यादीला कळत नाही. आजोबांच्या लोकल बोर्डाच्या शाळेचं जनरल रजिस्टर पाहिलं. ऑगस्ट १९४७मध्ये नाव कमी केलं, कारण 'गैरहजर'. पंधराव्या वर्षी. त्या १५ ऑगस्टला शाळेत साखर वाटली असेल, ती आजोबांना मिळाली की नाही हे रजिस्टर सांगत नाही. इथल्या सर्व मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे, जुनी जनरल रजिस्टरं वाळवीपासून वाचवा. दाखला काढायला येणाऱ्या माणसापलीकडेही त्यांचा उपयोग आहे.

आणि मग १९५५चा फेरफार. त्यात पणजोबांचं कूळ म्हणून असलेलं नाव कमी करून वारस म्हणून पणजी आणि आजोबा यांची नावं लावण्याबद्दल अर्ज आल्याची नोंद होती, आणि पुढे शेरा: 'तक्रार'. म्हणजे कोणीतरी हरकत घेतली होती.

१९५५ हे साल मला आधी कळेना. माणूस १९४७ला गेला, अर्ज आठ वर्षांनी का? उत्तर वकील असलेल्या आपल्या एका वर्गमित्राने फोनवर अर्ध्या मिनिटात दिलं. (त्याने नाव सांगू नको म्हटलंय, नाहीतर सगळे फुकट सल्ला मागतील.) १८७२च्या पुरावा कायद्यात कलम १०८ होतं. ज्यांना एखाद्या माणसाची खबरबात साहजिकपणे मिळाली असती, त्यांना सात वर्षं ती मिळाली नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी जिवंत म्हणणाऱ्यावर येते. आता नवा कायदा आला, त्यातही ती सात वर्षं तशीच आहेत. जुलै १९५४मध्ये सात वर्षं पुरी झाली. त्याआधी पणजीकडे ना प्रेत होतं, ना दाखला.

आणि घाई कसली होती, तेही कळलं. १९४८चा कूळ कायदा झालेला होता, आणि कसेल त्याची जमीन होणार हे वारं सुटलं होतं. पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला; त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने तिचा खरेदीदार झाला. त्या आधी कागदावर आपलं नाव नसेल, तर पिढ्या कसूनही हात हलवत घरी. आमच्या कागदावर नाव होतं एका बेपत्ता माणसाचं.

तक्रारीची फाईल मिळायला मला अकरा महिने आणि पाच अर्ज लागले. कोणत्या कचेरीत, ते सांगत नाही. तिथल्या ज्या शिपाईमामांनी शेवटी ती शोधून दिली त्यांना उगाच त्रास नको. लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा, पंधरा-सोळा कागद.

पहिला जबाब सावकाराच्या कारभाऱ्याचा. तो म्हणतो, सदर कूळ बोटीत मेलेलं नाही. ते मुंबईस राहतं, तिथे त्याने दुसरी बायको केली आहे, जमीन त्याने आपखुशीने सोडली आहे, सबब ती मालकाच्या ताब्यात यावी. माणूस मेला असेल तर कूळहक्क वारसांकडे जातो. जमीन सोडून गेला असेल तर मालकाकडे परत येण्याची वाट मोकळी होते. मी तो कागद तीनदा वाचला. लहानपणापासून गावात ऐकलेली गोष्ट, त्याच क्रमाने, लालबागसकट. अफवा त्या कारभाऱ्यानेच उठवली असं मी म्हणणार नाही. गावात ती आधीपासून असेल, त्याने फक्त उचलली असेल. पण कागदावर ती पहिल्यांदा भेटते ती इथे, आणि ती सांगणाऱ्याला तिच्यातून दोन एकर भातखाचर मिळणार होतं. माझ्या तक्त्याचा तिसरा रकाना तिथे पहिल्यांदा भरला.

दुसरा जबाब शेजारच्या गावच्या एका गिरणी कामगाराचा. तो आणि पणजोबा लालबागला एकाच खानावळीत जेवत. त्या सकाळी दोघे मिळून धक्क्यावर गेले. याची रजा मंजूर नव्हती, हा नुसता पोचवायला गेला होता. त्याने पणजोबांना बोटीत चढताना पाहिलं. संध्याकाळी बातमी आल्यावर त्याने आणि खानावळवाल्या बाईंनी मिळून नाव कळवलं. पुढे त्या बाई पणजोबांची ट्रंक घेऊन गावी येऊन गेल्या.

ही ट्रंक आमच्या माळ्यावर आहे. तिच्यात आजीने वर्षानुवर्षं गोधड्या ठेवल्या. 'मुंबईहून एक बाई आली होती' हे गावच्या गोष्टीतलं हुकमाचं पान होतं. बाई आली होतीच. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या शेकडो पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांपैकी एक, जिने मेलेल्या गिऱ्हाइकाचं सामान स्वतःच्या खर्चाने त्याच्या घरी पोचवलं. महिन्याची बाकी मागितली की नाही, तेवढं फाईलमध्ये नाही. माळ्यावर जाऊन मी ट्रंकेचा तळाचा कागद उचकटला. खाली मनीऑर्डरच्या पावत्या होत्या, गावच्या पत्त्यावरच्या, दर महिन्याच्या. शेवटची जुलै १९४७च्या पहिल्या आठवड्यातली.

हा साक्षीदार नऊ वर्षांनी बोलतो आहे, आणि तो आपल्या माणसांकडून बोलतो आहे, हे मी विसरत नाही. बँकेच्या भाषेत याला मी शंभर गुण देणार नाही. नव्वद देईन. पावत्यांचे आणखी थोडे.

तिसरा जबाब पणजीचा. सात-आठ ओळी, कारकुनाच्या अक्षरात. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, वय सुमारे चाळीस, धंदा शेती. पुढे लिहिलं आहे की तिचा नवरा रामदास बोटीत बुडून मयत झाला, त्याच्यापासून तिला पत्र नाही की पैसा नाही, जमीन ती आणि मुलगा कसत आले आहेत. वाचून दाखवलं, बरोबर आहे. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. शाई जरा जास्त लागली आहे, रेघा बुजल्या आहेत.

शेजारी चोवीस वर्षांच्या माझ्या आजोबांची सही, मराठी सातवीत शाळा सुटलेल्या मुलाची, एकेक अक्षर सुटं.

मामलेदाराने निकाल पणजीच्या बाजूने दिला. पुढे ३२-गची चौकशी झाली, हप्त्यांनी किंमत भरली, आणि ३२-मचं प्रमाणपत्र मिळालं. ते मात्र आमच्या घरात फ्रेम करून लावलं होतं, तुमच्यापैकी जे कैऱ्या पाडायला घरी यायचे त्यांनी पाहिलं असेल. माझं इंजिनिअरिंगचं पहिल्या वर्षाचं शुल्क त्याच जमिनीच्या एका तुकड्यावरच्या कर्जातून भरलं होतं.

म्हणजे पणजी १९५६मध्ये कचेरीत गेली, तो मेला असं सरकारला सांगितलं, अंगठा दिला, आणि तसंच कुंकू लावून घरी आली. पुढची एकतीस वर्षं तिने ते पुसलं नाही. आजोबा तिच्या शेजारी उभे होते. त्यांना सगळं माहीत होतं: साक्षीदार, खानावळवाल्या बाई, कारभाऱ्याचा जबाब, सगळं. गावात कोणी टोचून बोललं तर ती फाईल तोंडावर मारता आली असती. मारली नाही. मारली असती तर आईने स्वतःच्या तोंडाने काय सांगितलं, तेही चव्हाट्यावर आलं असतं. ती गेल्यावरही बावीस वर्षं ते बोलले नाहीत.

तिला खरं काय वाटत होतं? मला विचारतात लोक. जमिनीसाठी खोटं बोलली आणि घरी खरं मानत राहिली, की कचेरीत खरं बोलली आणि घरी मानायला तयार नव्हती? माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं, कुंकू हे नवऱ्यासाठी नव्हतंच. तरण्या विधवेला गावात जे सोसावं लागायचं ते टाळायला होतं. असेल. तीस-बत्तीस वर्षांची बाई, एक मुलगा, सावकार दारात. ही शक्यताही मी तक्त्यात घातली आहे. त्या ओळीपुढचा गुणांचा रकाना मी मोकळा ठेवला आहे.

बाबांना फाईलची नक्कल वाचून दाखवली. ते अंगठ्याच्या कागदावर बराच वेळ हात ठेवून बसले. मग म्हणाले, "कारभाऱ्याचा नातू माझ्याबरोबर शाळेत होता. चांगला होता." त्या वर्षी आम्ही सर्वपित्रीला पान वाढलं. दोघांचं. आणि एक तिसरं, खानावळवाल्या बाईंचं. त्यांचं नाव जबाबात नुसतं 'बाई' असं आहे, म्हणून भटजींनी विचारल्यावर आम्हाला सांगता आलं नाही. ते म्हणाले, चालतं.

आता तुमच्याकडे माझं काम आहे. त्या मराठी दैनिकातली जेवढी नावं मला वाचता आली, ती सगळी मी उतरवून घेतली आहेत. गावं आपलीच आहेत, आडनावं बहुतेक ठिकाणी नाहीत, काही ठिकाणी नुसतं 'अमक्याची बायको व दोन मुलं' एवढंच आहे. यातली बरीच माणसं तुमच्या घरातली असणार. आपल्या बॅचमधल्या चौघांनी तर मला कालच सांगितलं की त्यांच्याकडेही कोणीतरी त्या बोटीत होतं, पण नाव काय ते आता कुणाला ठाऊक नाही.

जेवण झाल्यावर मी वरच्या मजल्यावर, जुन्या दहावी 'ब'च्या वर्गात लॅपटॉप घेऊन बसणार आहे. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव, आणि घरात कोणी सांगितलेली एखादी गोष्ट, कितीही फालतू वाटली तरी, तेवढं घेऊन या. ज्यांचे आई-वडील अजून आहेत त्यांनी आत्ताच फोन लावा, दुपारी ते झोपतात. आणि जुना सातबारा मोबाइलमध्ये असेल तर तोही दाखवा. त्या वर्गातला पंखा अजून फिरत नाही, तेव्हा दोघा-तिघांच्या गटाने या.